परदेशातलं काम, घरची माणसं आणि आयटीआयचं प्रमाणपत्र

मागच्या श्रावणात, कानबाईचे रोट झाल्यावर, माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन घरी आला. आयटीआयमध्ये मी शिल्प निदेशक होतो आणि तो माझ्याकडे इलेक्ट्रिशियन ट्रेडला. आता छत्तीस वर्षांचा आहे, जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. ओट्यावर टेकल्याबरोबर त्यानं प्लास्टिकची फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, "सर, जर्मनीचं काय ते तुम्हीच सांगा. तिघांना विचारलं, तिघांनी तीन सांगितलं. माले काहीच समजनं नही."

त्याची बायको तोवर गप्प होती. चहा संपल्यावर तिनं एकच विचारलं, "सर, आम्हाला सोबत जाता येतं, का हे एकटेच?"

गेल्या वर्ष-दोन वर्षांत चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा या भागातल्या बऱ्याच पोरांनी मला परदेशाबद्दल विचारलं. पगार किती, एजंट कोणता, खर्च किती, हे सगळ्यांनी विचारलं. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणारी ती पहिली. माझ्या मते संसार असलेल्या कारागिरानं सुरुवात इथूनच करावी. कुठला देश, कुठला व्हिसा, किती घाई, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

बातमी काय आहे

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. १०,००० तरुणांचा आकडा वर्तमानपत्रांत आला तो त्याचाच. हे राज्य म्हणजे श्टुटगार्टचा मुलुख. मर्सिडीज, पोर्शे, बॉश यांचं माहेर. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. कारण सरळ आहे. तिथली मोठी पिढी एकदम निवृत्त होते आहे आणि मागून येणारी पोरं कमी आहेत. वायरिंग करणारा, पाइप जोडणारा, यंत्र दुरुस्त करणारा माणूस त्यांना मिळत नाही.

पण करार म्हणजे नोकरी नव्हे आणि जाहीर झालेला आकडा म्हणजे तुमचा व्हिसा नव्हे. रस्ता मंजूर झाल्याची बातमी आली म्हणून दुसऱ्या दिवशी एसटी गावात येत नाही. मालक आपला आपल्यालाच मिळवावा लागतो, कागद प्रत्येकाचे वेगळे तपासले जातात.

सालदारी आणि घरठाण

परदेशी कामाच्या परवानग्या मुळात दोन जातीच्या असतात. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरतो. वर्षाचा करार, ठरलेली रक्कम. साल संपलं की पुढच्या अखाजीला नव्यानं बोलणी. तो मालकाच्या वाड्यात राहिला तरी त्या गावात त्याची जागा होत नाही. दुसरा माणूस गावात घरठाण घेतो, रेशन कार्डावर नाव लावतो, पोरांना शाळेत घालतो. काम दोघंही करतात, पण गाव एकाचंच होतं.

आखाती देशांतली बहुतेक कामगार भरती ही सालदारी आहे. कुटुंब नेता येतं, पण त्यासाठी ठराविक पगार लागतो आणि साध्या वायरमनच्या किंवा वेल्डरच्या पगारात तो बसत नाही. २०२३ च्या करारानंतर इस्रायलमध्ये बांधकामासाठी आपली माणसं गेली, ती एकटीच गेली. जपाननं २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी दोन पायऱ्यांचा व्हिसा सुरू केला आहे. पहिल्या पायरीवर साधारण पाच वर्षं राहता येतं, पण बायको-मुलं नेता येत नाहीत. परीक्षा देऊन दुसरी पायरी चढलात तर नेता येतात.

ब्रिटनचं उदाहरण तर ताजं आहे. २२ जुलै २०२५ पासून तिथं कुशल कामगार व्हिसासाठी कामाची पातळी साधारण पदवीच्या बरोबरीची केली गेली. त्याखालचे ठराविक धंदे एका तात्पुरत्या यादीत ठेवले आहेत, पण त्या यादीवर नव्यानं जाणाऱ्याला बायको-मुलं सोबत नेता येत नाहीत. म्हणजे नियम कालपर्यंत एक होता, आज दुसरा आहे. दोन वर्षांपूर्वी गेलेला मावसभाऊ सांगतो त्यावर भरवसा ठेवून शेत गहाण टाकू नका.

जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश कुशल कारागिराला कुटुंबासकट येऊ देतात, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलायला हवं. तिथंही सगळे व्हिसे सारखे नाहीत. जर्मनीनं १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' नावाचं संधी-कार्ड सुरू केलं. त्यावर वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण त्या काळासाठी महिन्याला हजार युरोंहून थोडी जास्त रक्कम आधीच दाखवावी लागते. सड्याफटिंग पोराला हे जमेल. ती नोकरी शोधायची परवानगी आहे, बिऱ्हाड हलवायची नव्हे. तिथं शिकाऊ म्हणून जाण्याची तीन-साडेतीन वर्षांची वाटही विशीतल्या पोरांसाठी चांगली आहे, पण शिकाऊच्या विद्यावेतनात चार माणसांचं घर चालत नाही.

दोन वर्षांचा ट्रेड आणि एक वर्षाचा ट्रेड

इथं बरीच पोरं अडकतात आणि एजंट हे सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुशल कारागीर म्हणून जर्मनीला जायचं तर आपलं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे, असा दाखला तिथल्या कार्यालयाकडून घ्यावा लागतो. याला पुढं 'मान्यता' म्हणू. वडील वारले की जमीन पोराचीच असते, त्यात शंका नसते. तरी तलाठ्याकडं वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बँक कर्ज देत नाही. मान्यता ही तशी नोंद आहे. तुमचं कसब तुमच्याकडं आहेच, पण ते त्यांच्या वहीत चढावं लागतं.

नोंद कोण करतं हे कामावर ठरतं. कारखान्यातल्या यंत्रांची वीज, फिटर, मशिनिस्ट अशा औद्योगिक कामांचा अर्ज न्यूरेम्बर्ग शहरातल्या 'आयएचके फोसा' या एका मध्यवर्ती कार्यालयात जातो. घरातलं वायरिंग, नळजोडणी, सुतारकाम, गॅरेज हे त्यांच्याकडं हस्तव्यवसाय धरतात. त्याचा अर्ज त्या त्या भागातल्या कारागीर मंडळाकडं जातो. माझा विद्यार्थी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे, पण बारा वर्षं कारखान्यात आहे. म्हणून त्याच्यासाठी न्यूरेम्बर्ग. तोच पोरगा बारा वर्षं घरांचं वायरिंग करत असता तर दुसरीकडं अर्ज करावा लागला असता. एकाच प्रमाणपत्राला दोन दारं आहेत आणि चुकीच्या दारात अर्ज केला तर काही महिने फुकट जातात.

आता खरी मेख. जर्मनीच्या बहुतेक वाटांना किमान दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण लागतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, रेफ्रिजरेशन, मोटर मेकॅनिक हे आपले ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, सुतार, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. माझ्याकडून शिकून गेलेले काही वेल्डर असे आहेत की त्यांनी मारलेला टाका पाहून कुणीही खूष व्हावं. पण कागदावर एक वर्ष आहे आणि तिकडचा कारकून टाका पाहत नाही, कागद पाहतो. मला याचं फार वाईट वाटतं. पण पोराला लाखभर खर्च करून हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मग वेल्डरनं काय करावं? ऑस्ट्रेलियात शिक्षणाच्या जोडीला अनुभवालाही वजन आहे. तिथं सरकारनं नेमलेली संस्था कागद तपासते, तांत्रिक मुलाखत घेते आणि ठरलेल्या ट्रेडना प्रत्यक्ष काम करायला लावते. कॅनडाच्या कुशल कारागीर योजनेत गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव, ठराविक इंग्रजी, आणि कॅनडातल्या मालकाची नोकरी किंवा तिथल्या प्रांताचं कसबाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे एक वर्षाच्या ट्रेडवाल्याला सगळीच दारं बंद नाहीत, पण जर्मनीचं दार त्याच्यासाठी अरुंद आहे.

अर्धी मान्यता मिळाली तर?

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पहिल्या खेपेला अर्धवट मान्यता मिळते. घाबरू नका. ही एटीकेटी समजा. बहुतेक विषय सुटले, दोन राहिले, पुढच्या वर्गात बसा आणि ते काढा. तिथं एखादा मालक तयार असेल तर कामावर राहून उरलेला भाग पुरा करता येतो. मार्च २०२४ पासून याहून सोपी सोय झाली आहे: मालक आणि कामगार दोघांनी मान्यता मिळवण्याचं लेखी कबूल करायचं, कामगाराला ए-२, म्हणजे सहांपैकी दुसऱ्या पातळीची जर्मन येत असावी, मग मान्यतेचं काम तिथं गेल्यावर सुरू केलं तरी चालतं. दोन वर्षांच्या शिक्षणाची अट मात्र इथंही सुटत नाही.

मान्यतेशिवायचीही एक वाट आहे, पण तिला दोन वर्षांचं शिक्षण, अनुभव आणि वर पगाराची अट आहे. २०२५ साठी ती साधारणपणे वर्षाला ४३,४७० युरो होती. आपल्या नवख्या माणसाला सुरुवातीलाच एवढा पगार मिळणं अवघड असतं.

अनुभवाचा दाखला इथं फार कामाला येतो, कारण शिक्षणात जे कमी पडतं ते अनुभवातून भरून धरतात. माझ्या विद्यार्थ्याच्या फाइलीत कंपनीचा दाखला होता. तीन ओळींचा: अमुक तारखेपासून कामाला आहे, वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यातून त्या न्यूरेम्बर्गच्या माणसाला काय कळणार? मी त्याला ओट्यावरच वही दिली आणि म्हटलं, सकाळी कारखान्यात शिरल्यापासून काय काय करतोस ते लिही. दीड पान झालं. स्टार-डेल्टा स्टार्टरचं पॅनल जोडणं, जळालेले कॉन्टॅक्टर बदलणं, मेगरनं मोटारीचं इन्सुलेशन तपासणं, एक्स्ट्रूडरचे हीटर आणि थर्मोकपल बदलणं, व्हीएफडीत पॅरामीटर भरणं. त्याला ही साधी कामं वाटत होती. हीच कामं वर्षांसकट कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आली की त्याला किंमत येते. त्याच्या मॅनेजरनं आठ दिवसांत दाखला करून दिला.

व्हिसा मिळाला म्हणजे काम करता येतं का?

व्हिसा हा देशात राहायचा परवाना. धंद्याचा परवाना कधी कधी वेगळा असतो. आपल्याकडे नवीन वीज कनेक्शन घ्यायचं तर कितीही हुशार वायरमन असो, महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो तो परवानाधारक ठेकेदाराचाच. ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियनचा आणि प्लंबरचा परवाना राज्याराज्यानं वेगळा असतो. तो पूर्ण हाती येईपर्यंत परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. कॅनडातही प्रांतागणिक नियम आहेत. जर्मनीत नोकरी करायला इलेक्ट्रिशियनला वेगळा परवाना लागत नाही, पण स्वतःचं वायरिंगचं किंवा गॅरेजचं दुकान टाकायचं तर साधारणपणे 'माइस्टर' ही वरची परीक्षा पास व्हावी लागते. आपली बरीच माणसं मनात तोच बेत धरून निघतात की चार वर्षं नोकरी, मग आपलं दुकान. तो बेत लांबचा आहे, एवढं लक्षात असू द्या.

ऑस्ट्रेलिया वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांना गुण देऊन काही व्हिसे देतं, त्या गुणपद्धतीबद्दलही एक गैरसमज आहे. ६५ गुण झाले की झालं, असं लोक धरून चालतात. ६५ म्हणजे पास होण्याचे ३५ मार्क. आयटीआयला प्रवेश पास होऊन मिळत नाही, मेरिट लिस्टवर मिळतो, तसंच ते. शिवाय या गुणांच्या व्हिसांना पंचेचाळीसच्या आतलं वय लागतं. जर्मनीत वयाची तशी बंदी नाही, पण पंचेचाळीस उलटल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्याला जास्त पगार किंवा म्हातारपणाची तरतूद दाखवावी लागते.

"सर, इंग्रजीवर नाही का भागणार?"

कॅनडा-ऑस्ट्रेलियाला भागेल, अर्थात परीक्षा देऊन. जर्मनीला नाही. संगणकवाल्याचं भागतं, कारण त्याच्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात. कारागिराचा फोरमन जर्मन बोलतो, घरमालकीण जर्मन बोलते आणि पॅनलवरची धोक्याची पाटी जर्मनमध्येच असते.

भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा. ए-१ म्हणजे बाजारात भाव विचारता येणं. ए-२ म्हणजे शेजाऱ्याची विचारपूस करता येणं. बी-१ म्हणजे "तीन नंबरची मोटार सकाळपासून ट्रिप होते, मी बेअरिंग पाहिलं, ते ठीक आहे" एवढं फोरमनला फोनवर सांगता येणं. मालकांना बहुतेक हीच पातळी हवी असते. काम सांभाळून रोज दोन तास दिले तर बी-१ ला वर्ष धरा. ज्यांना कुणी "तीन महिन्यांत बी-१" सांगितलं असेल त्यांनी तिथून उठून यावं.

बायकोलाही साधारण नियमानं ए-१ ची परीक्षा द्यावी लागते. पण मान्यताप्राप्त कुशल कामगाराच्या बायकोला यातून सूट आहे. तरी सूट मिळाली म्हणून थांबू नये, तिनं शिकावं असं मी म्हणेन. नवऱ्यासोबत गेलेल्या बाईला जर्मनीत नोकरी करायचा पूर्ण हक्क असतो. भाषा नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो आणि ती बाई चार भिंतींत अडकते. दवाखान्यात पोराला काय होतंय ते सांगायलाही मग तिला नवऱ्याची सुट्टी लागते.

फाइलीतली नावं

आता त्या फाइलीकडं वळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'भिका'. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर 'भिकन'. आधारवर परत 'भिका', पण इंग्रजीत एक अक्षर जास्त. बायकोचं दहावीचं मार्कशीट माहेरच्या नावावर. सासरी आल्यावर तिचं पहिलं नावही बदललेलं, आधार त्या नावाचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच नाव. लाडाचं, हॉस्पिटलात कुणीतरी सांगितलेलं.

खान्देशात हे घरोघरी आहे. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण गावात सगळ्यांना माहीत असतं की ही तीच. परदेशी वकिलातीला तीन नावं म्हणजे तीन बायका दिसतात. कुटुंब सोबत न्यायचं तर सगळी मदार दोन नात्यांवर असते: ही याची बायको आहे आणि ही या दोघांची मुलं आहेत. हे सिद्ध करणारे कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला आणि जन्मदाखले. यांच्याकडं लग्नाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका आणि अल्बम होता. १९९८ च्या कायद्यानं महाराष्ट्रात विवाह नोंदणी आहे, गावात ती ग्रामसेवकाकडं होते, उशिरानंही करता येते. पण लोक करत नाहीत, कारण इथं कुणी मागत नाही.

माझं सांगणं असं की पासपोर्टच्या आधी नावं सरळ करा. एक नाव ठरवा, नावातल्या बदलाची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात द्या, मग आधार, मग जन्मदाखल्यातली दुरुस्ती, मग विवाह नोंदणी, शेवटी पासपोर्ट. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक कागद दोनदा काढावा लागतो. मराठीतल्या कागदांचं अधिकृत भाषांतरही करावं लागतं. ते सगळं नीट झाल्यावरच करा, चुकीच्या नावाचं भाषांतर करून पैसे घालवू नका. या कामांना चार-सहा महिने लागतात आणि भाषेच्या वर्षातच ते होऊन जातात.

पगाराचा हिशेब

"तीन हजार युरो म्हणजे तीन लाख रुपये!" युरो शंभर रुपये धरून हे गणित सगळे करतात. हे हातात पडणारे पैसे नव्हेत. पगारातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा असं मिळून साधारण एकपंचमांश जातं आणि वर आयकर. एकट्याच्या हातात २,१०० च्या आसपास पडतात. बायको सोबत असेल आणि कमावत नसेल तर कराचा वर्ग बदलतो, मग २,३०० च्या आसपास.

जर्मन सरकार दर मुलामागं महिन्याला बालभत्ता देतं. २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. दोन मुलांचे ५१० झाले. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं वेगळा हप्ता न भरता धरली जातात. सरकारी शाळेला फी नाही. म्हणजे चौघांच्या घरात २,८०० युरो आले. लहान शहरात तीन खोल्यांचं भाडं, गरम पाणी आणि हीटर धरून हजार-बाराशे. श्टुटगार्टसारख्या शहरात जास्त. किराणा, बस, कपडे, फोन जाऊन चार-पाचशे युरो मागं पडले तर चांगला संसार केला म्हणायचं.

आता हाच माणूस एकटा गेला आणि कुटुंब इथं राहिलं, तर कराचा फायदा नाही, इथं राहणाऱ्या मुलांना बालभत्ता नाही, आणि दोन घरं चालवायची. एकट्यानं खोलीत राहून, हातानं स्वयंपाक करून तो जास्त शिल्लक टाकेलही. पण लोकांना वाटतं तेवढा फरक त्यात नाही.

"मी आधी जातो, मग यांना नेतो"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा बेत. सहा महिने, वर्षभर पुढं जाऊन घर पाहून ठेवणं शहाणपणाचं आहे. पण "बघू, स्थिरस्थावर झाल्यावर" म्हणून तारीख न ठरवता गेलेल्या माणसाची मुलं थांबत नाहीत, मोठी होतात.

या विद्यार्थ्याची मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा पाचचा. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढं विद्यापीठाकडं नेणारी शाळा, की धंदेशिक्षणाकडं नेणारी. भाषा न येणाऱ्या मुलाला आधी तयारीच्या वर्गात बसवतात. पाच वर्षांचं पोर वर्षभरात खेळता खेळता भाषा उचलतं. दहा-अकराची मुलगी मेहनतीनं उचलते. चौदा-पंधराची झाल्यावर नेली तर तिच्यावर ओझं फार पडतं: भाषा नवी, मैत्रिणी मागं सुटलेल्या आणि वर्गात दोन वर्षं खाली बसायचं. म्हणून मी त्याला म्हटलं, तुझं कॅलेंडर पगारावर लावू नकोस, मुलीच्या वर्गावर लाव. बी-१ कर, कागद नीट कर आणि चौघांचे अर्ज एकत्रच टाक, तसे टाकता येतात.

कायमचं राहायचं तर जर्मनीत मान्यताप्राप्त कारागिराला साधारण तीन वर्षांनी, बी-१ भाषेसह, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोपर्यंत व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर कार्यालयाला कळवून ठराविक मुदतीत दुसरी शोधावी लागते. म्हणून जाताना सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बांधून ठेवा, आणि शेत विकून जाऊ नका. वाट्यानं द्या, पण विकू नका.

पैसे कुणाला आणि किती

परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या भरती एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी पाहता येतं. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावतीसह. माझ्या या विद्यार्थ्यानं वर्षापूर्वी एका एजंटाला साठ हजार रोख दिले होते. पावती नाही, करारपत्र नाही, फोन आता लागत नाही. तो हे सांगत होता तेव्हा बायकोनं मान खाली घातली. तिच्या बांगड्यांचे पैसे होते ते.

एक गोष्ट पक्की धरा. "आत्ता पर्यटक व्हिसावर चला, तिथं कामाचा करून देतो" असं म्हणणारा माणूस तुम्हाला बेकायदा मजूर करायला निघाला आहे. आखाती आणि इतर काही मिळून अठरा देशांसाठी, ज्यांच्या पासपोर्टवर तपासणीची अट आहे त्यांना, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्यांना, जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते. ती चुकवून नेणाऱ्याच्या मागं जाऊ नका. मंजुरी घेऊन गेलं की प्रवासी भारतीय विमाही निघतो; दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास संरक्षण १० लाखांचं.

आणि आई?

परदेशी कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. आई-वडील त्यात नसतात. आपल्या घरात तर आईशिवाय कुटुंब हा शब्दच पुरा होत नाही. १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना जर्मनीनं आई-वडील आणण्याची मुभा दिली आहे, पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा पोरानं उचलायचा असतो. उतारवयात तो विमा मिळवणंच कठीण जातं. कॅनडात आई-वडिलांसाठी एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याचा खास पाहुणा-व्हिसा आहे. पण माझ्या विद्यार्थ्याच्या मधुमेह असलेल्या, सत्तरीच्या आईला तिचं अंगण सोडून न्यावं का, हा प्रश्न कुठल्याच वकिलातीचा नाही. त्या दोघा नवरा-बायकोनं तो घरात बसून सोडवला. त्याची धाकटी बहीण पारोळ्याला दिलेली आहे, ती आणि तिचा नवरा आईकडं राहायला येणार. आईच्या नावावर बँकेत वर्षाचा औषधपाणी खर्च आधी टाकायचा, मग तिकिटं काढायची, असं ठरलं. हे सुनेनं ठरवलं.

दर रविवारी दुपारी दोघं माझ्याकडं येतात. राजपत्राची प्रत आली आहे, विवाह नोंदणी झाली आहे, न्यूरेम्बर्गला पाठवायचा अर्ज भरून तयार आहे. जर्मन भाषेत ती त्याच्यापुढं गेली. तो अजून शब्दांची लिंगं चुकतो, ती त्याला स्वयंपाक करता करता विचारते. घरातल्या पंख्यावर, फ्रिजवर, दारावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मुलगी रोज सकाळी आजीच्या खाटेपाशी जाऊन "गुटेन मॉर्गन, आजी" म्हणते आणि आजी कानावर हात ठेवून विचारते, "काय म्हनस व माय तू?"